स्पॅनिशमधील पदव्युत्तर पदवी : अर्जाआधीचा विचार

परकीय भाषेच्या वर्गात ए-1, ए-2, बी-1 अशा पातळ्या ओलांडत आलेल्या विद्यार्थ्याला, आणि त्याहून अधिक त्याच्या पालकांना, त्या भाषेतील एम.ए. ही ओघाने येणारी पुढची पातळी वाटते. वस्तुतः स्पॅनिशमधील पदव्युत्तर अभ्यासक्रम दिल्लीत असो वा स्पेनमधील सालामांकात, तेथे स्पॅनिश भाषा शिकवली जात नाही. ती येते हे गृहीत धरून तिच्याच माध्यमातून साहित्य, भाषाविज्ञान, अनुवाद किंवा अध्यापनशास्त्र शिकवले जाते. अर्जातील बहुतेक चुका या एका गैरसमजातून उद्भवतात, कारण जो विद्यार्थी भाषा शिकण्यासाठी अर्ज करतो त्याच्या हेतुपत्रात भाषेवरील प्रेमाखेरीज सांगण्यासारखे काही उरत नाही, आणि निवड समितीला नेमके त्यापलीकडचे काहीतरी वाचायचे असते.

भाषाप्रभुत्वाच्या वर उल्लेखिलेल्या पातळ्या युरोप परिषदेने आखलेल्या सामायिक संदर्भ चौकटीतून आल्या असून त्यांची संख्या सहा आहे. ए-1 व ए-2 या प्राथमिक वापराच्या, बी-1 व बी-2 या स्वतंत्र वापराच्या आणि सी-1 व सी-2 या प्रगत प्रभुत्वाच्या पातळ्या मानल्या जातात. बी-2 म्हणजे वृत्तपत्रातील मतप्रदर्शनपर लेख समजणे व आपल्या बाजूचा युक्तिवाद बऱ्यापैकी सुसंगतपणे मांडता येणे, तर सी-1 म्हणजे लांबलचक, अवघड व गर्भितार्थ असलेला मजकूर वाचून त्यावर शैक्षणिक स्वरूपाचे लेखन करता येणे. स्पेनमधील विद्यापीठे परदेशी अर्जदाराकडून साधारणतः किमान बी-2 मागतात आणि अध्यापन किंवा अनुवाद या शाखांत बहुधा सी-1 अपेक्षित असते. नियमपुस्तिकेत बी-2 लिहिले असले तरी वर्गातील चर्चा, पन्नास-साठ पानांचे साप्ताहिक वाचन आणि अखेरीस लिहायचा लघुप्रबंध ही सर्व कामे सी-1 च्या विद्यार्थ्यालाच झेपतात, म्हणून पातळीचे प्रमाणपत्र हाती असणे आणि अभ्यासक्रम पेलता येणे या दोन गोष्टींत अंतर आहे, हे पालकांनी आधीच समजून घ्यावे. शून्यापासून नियमित अभ्यास केला तरी बी-2 पर्यंत पोहोचण्यास दोन-तीन वर्षे सहज लागतात. बारावीनंतर सुट्टीत क्लास लावून पदवीच्या दुसऱ्या वर्षी एम.ए.च्या जाहिराती चाळणाऱ्या विद्यार्थ्याच्या हिशेबात ही वर्षे सहसा धरलेली नसतात.

या पातळीचा पुरावा म्हणून दोन परीक्षा प्रचलित आहेत. 'देले' ही परीक्षा स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्तितुतो सेर्वांतेस ही संस्था घेते. 1991 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे भारतातील केंद्र दिल्लीत आहे. देलेमध्ये विद्यार्थी विशिष्ट पातळीसाठी नाव नोंदवतो आणि त्या पातळीवर उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण ठरतो. उत्तीर्ण झाल्यास मिळणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत कधीच संपत नाही. बी-2 पातळीवर वाचन व लेखन यांचा एक गट आणि श्रवण व संभाषण यांचा दुसरा गट असून प्रत्येक गटात पन्नासपैकी किमान तीस गुण मिळवावे लागतात, त्यामुळे वाचन-लेखनात भरघोस गुण मिळवून श्रवणातली उणीव झाकता येत नाही. महाराष्ट्रातील वर्गांत व्याकरणावर भर देऊन शिकलेले विद्यार्थी अडतात ते याच दुसऱ्या गटात. दुसरी परीक्षा 'सिएले'. ती इन्स्तितुतो सेर्वांतेससह सालामांका विद्यापीठ, मेक्सिकोचे राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठ आणि बुएनोस आइरेस विद्यापीठ यांनी मिळून उभी केली असून ती संगणकावर होते, तिचा निकाल सुमारे तीन आठवड्यांत लागतो आणि ती पातळी ठरवून देते, म्हणजे तीत नापास होण्याचा प्रश्न येत नाही. परंतु तिचे प्रमाणपत्र पाचच वर्षे ग्राह्य असते. ज्याच्या हाती वर्षभराचा अवधी आहे त्याने देले द्यावी आणि ज्याची मुदत दोन महिन्यांवर आली आहे त्याने सिएलेचा आधार घ्यावा, कारण देलेचा निकाल हाती येण्यास काही महिने जातात आणि तेवढ्यात प्रवेशाची पहिली फेरी निघून जाते.

परीक्षेपेक्षा अवघड प्रश्न शाखेच्या निवडीचा असतो. स्पॅनिशमधील पदव्युत्तर शिक्षणाचे ढोबळ मानाने तीन मार्ग आहेत: परकीय भाषा म्हणून स्पॅनिशचे अध्यापन, ज्याला स्पॅनिश आद्याक्षरांवरून 'एले' म्हटले जाते, स्पेन व लॅटिन अमेरिका यांच्या साहित्य-संस्कृतीचा अभ्यास, आणि अनुवाद-दुभाषकत्व. यांपैकी अनुवादाचे आकर्षण मराठी घरांत सर्वाधिक दिसते आणि त्यामागे बहुतेक वेळा संयुक्त राष्ट्रसंघातील नोकरीचे स्वप्न असते. राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत स्पॅनिश आहे, ही गोष्ट खरी. मात्र तेथील अनुवादक आपल्या मुख्य भाषेत अनुवाद करतो, ती मुख्य भाषा त्या सहांपैकीच एक असावी लागते आणि तिच्याखेरीज साधारणतः आणखी दोन अधिकृत भाषांचे उत्तम ज्ञान अपेक्षित असते. मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवाराला म्हणजे इंग्रजी ही मुख्य भाषा ठरवून तीत निर्दोष लेखन सिद्ध करावे लागते आणि स्पॅनिशच्या जोडीला बहुधा फ्रेंचही आत्मसात करावी लागते. केवळ 'स्पॅनिश शिकली की राष्ट्रसंघात जाता येते' हे विधान म्हणूनच दिशाभूल करणारे आहे. स्पेनमधील अनुवादाच्या अभ्यासक्रमांनाही असाच एक पैलू आहे. ते प्रामुख्याने स्पॅनिशमध्ये अनुवाद करणाऱ्यांना घडवतात, त्यामुळे वर्गातील सहाध्यायी स्पॅनिश मातृभाषिक असतात आणि परदेशी विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात त्यांच्या तोडीचे स्पॅनिश गद्य लिहावे लागते. ग्रानादा विद्यापीठाचे अनुवाद विद्याशाखेसाठी मोठे नाव आहे आणि ते योग्यच आहे, परंतु तेथे अर्ज करणाऱ्याने सी-1 चे प्रमाणपत्र हा प्रवेशाचा उंबरठा मानावा, यशाची हमी मानू नये.

एले ही शाखा भारतीय विद्यार्थ्यासाठी तुलनेने अधिक फलदायी ठरते, असे म्हणण्यास सबळ कारण आहे. परकीय भाषा म्हणून स्पॅनिश शिकलेला विद्यार्थी ती शिकताना कुठे अडखळतो, हे स्वतःच्या अनुभवाने जाणतो. माद्रिदमध्ये वाढलेल्या सहाध्यायाला हे ज्ञान पुस्तकातून मिळवावे लागते. अशा अभ्यासक्रमांत व्याकरणाच्या अध्यापनपद्धती, पाठ्यसाहित्याची रचना, मूल्यमापन आणि प्रत्यक्ष वर्गातील सराव यांचा समावेश असतो. सालामांका विद्यापीठात या नावाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, माद्रिदचे नेब्रिखा हे खासगी विद्यापीठ या क्षेत्रात परिचित आहे, आणि इन्स्तितुतो सेर्वांतेस व मेनेन्देस पेलायो आंतरराष्ट्रीय विद्यापीठ यांचा संयुक्त अभ्यासक्रमही आहे. ज्या आन्तोनियो दे नेब्रिखा याच्या नावाने हे खासगी विद्यापीठ ओळखले जाते, त्याने 1492 मध्ये कास्तिलियन भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. व्याकरणकाराचे नाव विद्यापीठाला मिळावे, ही गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्याला सुखावणारी आहे.

साहित्याच्या मार्गाबद्दल पालकांच्या मनात सर्वाधिक शंका असतात. हा मार्ग मुख्यतः संशोधन व विद्यापीठीय अध्यापन यांकडे जातो, त्यात पाच-सात वर्षे सहज खर्ची पडतात आणि प्राध्यापकांच्या जागा मोजक्या असतात. तरीही भारतीय भाषांमध्ये स्पॅनिश साहित्य इंग्रजीच्या वळणाने न येता थेट यावे, हे काम याच मार्गाने आलेल्या अभ्यासकांनी केले आहे: दिल्ली विद्यापीठात स्पॅनिशचे अध्यापन केलेल्या विभा मौर्य यांनी सेर्वांतेसच्या 'दोन किखोते' या 1605 व 1615 मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा मूळ स्पॅनिशमधून हिंदी अनुवाद केला. मराठीत अशा कामाला अजून पुष्कळ वाव आहे, मात्र त्यावर घर चालवता येईल असे कोणत्याही पालकाला सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

परदेशाचा विचार करण्याआधी भारतातील पर्याय तपासणे इष्ट, कारण खर्चातील तफावत प्रचंड आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन व लॅटिन अमेरिकी अध्ययनाचे केंद्र असून तेथे स्पॅनिशचा दोन वर्षांचा एम.ए. अभ्यासक्रम आहे, दिल्ली विद्यापीठाच्या जर्मानिक व रोमान्स अध्ययन विभागात हिस्पॅनिक अध्ययन या नावाने एम.ए. करता येते, हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ आणि डेहराडूनचे दून विद्यापीठ येथेही स्पॅनिशच्या उच्च शिक्षणाची सोय आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ व दिल्ली विद्यापीठ यांच्या प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. ती संगणकावर होते, तिच्यात बहुपर्यायी प्रश्न असतात आणि अलीकडच्या वर्षांत प्रश्नांची संख्या 75, योग्य उत्तरास चार गुण व चुकीच्या उत्तरास एक गुण वजा, अशी रचना राहिली आहे. बहुपर्यायी परीक्षेत संभाषणाचा कस लागत नाही, त्यामुळे वाचन व व्याकरण पक्के असलेल्या पण बोलण्यात चाचरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा मार्ग स्पेनच्या मार्गापेक्षा सोपा ठरू शकतो, जरी वर्ग सुरू झाल्यावर ते चाचरणे कोणीही खपवून घेत नाही.

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, स्पॅनिशचे प्रमाणपत्र व पदविका स्तरावरील अभ्यासक्रम चालतात आणि महाराष्ट्रातील अनेकांची या भाषेशी पहिली ओळख तेथेच होते. परंतु वाणिज्य किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि तिच्या जोडीला स्पॅनिशची पदविका अशी पात्रता एम.ए.साठी चालते की स्पॅनिशमधीलच बी.ए. लागते, याचे उत्तर प्रत्येक विद्यापीठाच्या त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत शोधावे लागते. मागील वर्षी प्रवेश घेतलेल्या ओळखीच्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावर विसंबणे धोक्याचे असते. गोव्यातील विद्यार्थ्यांपुढे आणखी एक रस्ता आहे. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि ज्याच्या घरात किंवा शाळेत पोर्तुगीज होती त्याला स्पॅनिश वाचायला फार वेळ लागत नाही, जरी बोलताना आणि लिहिताना दोन सख्ख्या भाषांची सरमिसळ त्याला पुढे दीर्घकाळ छळते.

स्पेनमध्ये अर्ज करायचा ठरल्यास पहिली पारख पदवीच्या प्रकाराची करावी लागते. तेथे 'मास्तेर उनिवेर्सितारियो' ही शासनमान्य पदवी असते, तर 'तीतुलो प्रोपियो' ही एखाद्या विद्यापीठाची स्वतःची, शासकीय मान्यतेच्या चौकटीबाहेरची पदवी असते. दोन्हींच्या जाहिरातींत 'मास्तेर' हाच शब्द ठळक अक्षरांत असतो, दोन्हींच्या प्रमाणपत्रांवर विद्यापीठाची मुद्रा असते, मात्र पीएच.डी.चा दरवाजा पहिलीनेच उघडतो. दुसऱ्या प्रकारचे सगळेच अभ्यासक्रम निकृष्ट असतात असे नव्हे. नोकरी सांभाळून एखादे कौशल्य शिकू पाहणाऱ्यास ते उपयोगी पडतात. परंतु मायदेशी परतून पदवीची समकक्षता मागायची असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. विद्यापीठे, केंद्रे व पदव्या यांची स्पेन सरकारची नोंदवही कोणालाही इंटरनेटवर पाहता येते आणि त्या नोंदवहीत अभ्यासक्रमाचे नाव आढळत नसेल तर शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी थांबावे.

शासनमान्य मास्तेर 60, 90 किंवा 120 श्रेयांकांचा असतो. युरोपीय पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे 25 ते 30 तासांचे एकूण काम, ज्यात व्याख्यान, वाचन, लेखन व परीक्षा हे सर्व आले. त्यामुळे साठ श्रेयांकांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम म्हणजे किमान दीड हजार तासांचे काम होय. या वर्षातच लघुप्रबंधही लिहायचा असतो, म्हणून विषय मनाशी ठरवून जाणारा विद्यार्थी इतरांपेक्षा बराच पुढे असतो. भारतातील तीन वर्षांची पदवी तेथे चालते का, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. स्पेनच्या नियमांनुसार युरोपीय उच्चशिक्षण क्षेत्राबाहेरील पदवीधराला आपली पदवी आधी समतुल्य करून घेण्याची सक्ती नाही. ती पदवी तेथील पदवीच्या स्तराची आहे आणि ज्या देशाने दिली तेथे पदव्युत्तर शिक्षणास पात्र ठरवते, एवढी खातरजमा प्रवेश देणारे विद्यापीठ स्वतः करते. भारतात तीन वर्षांच्या पदवीवर एम.ए.ला प्रवेश मिळतो, त्यामुळे तत्त्वतः मार्ग मोकळा आहे, मात्र अंतिम निर्णय त्या विद्यापीठाचा असल्याने अर्जापूर्वी पत्राने विचारून लेखी उत्तर जवळ ठेवावे. वेगळ्या विषयातील पदवीधराला काही वेळा पूरक विषयांचे जादा श्रेयांक पूर्ण करण्याच्या अटीवर प्रवेश दिला जातो.

कागदपत्रांच्या टप्प्यावर महाराष्ट्रातील अर्जदारांपुढे जी अडचण येते ती नावापासूनच सुरू होते. स्पेनमध्ये प्रत्येक नागरिकाला दोन आडनावे असतात, एक वडिलांकडून व एक आईकडून आलेले, म्हणून तेथील अर्जात नावासाठी एक आणि आडनावासाठी दोन रकाने असतात. मराठी विद्यार्थ्याच्या गुणपत्रकावर आडनाव, स्वतःचे नाव व वडिलांचे नाव अशा क्रमाने मजकूर छापलेला असतो आणि आईचे नाव निराळ्या ओळीत येते. पासपोर्टवर मात्र आडनाव एका ओळीत व बाकीचे सारे दुसऱ्या ओळीत जाते. उदाहरणार्थ, स्नेहा सुरेश पाटील या नावाची विद्यार्थिनी रिकामा रकाना पाहून दुसऱ्या आडनावाच्या जागी 'सुरेश' लिहिते, विद्यापीठाच्या प्रवेशपत्रावर तिचे नाव 'स्नेहा पाटील सुरेश' असे उमटते, तिचा आरोग्यविमा त्याच नावाने निघतो आणि व्हिसाच्या खिडकीवर पासपोर्टशी ताळमेळ बसत नाही. परदेशी अर्जदाराने दुसऱ्या आडनावाचा रकाना मोकळा सोडावा आणि पासपोर्टवरील दोन ओळी जशाच्या तशा उतरवाव्यात, एवढे पथ्य पाळले तरी पुढची पुष्कळ पत्रापत्री वाचते. जिचे आडनाव लग्नानंतर बदलले आहे अशा अर्जदाराने राजपत्रातील नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत जोडणे आवश्यक, कारण लग्नानंतर आडनाव बदलण्याची प्रथा स्पेनमध्ये नाही आणि तेथील लिपिकाला ती आपणहून सुचत नाही.

पदवी प्रमाणपत्र व गुणपत्रक यांवर 'अपोस्टिल' लागतो. अपोस्टिल म्हणजे एका देशाचा सार्वजनिक दस्तऐवज दुसऱ्या देशात खरा मानला जावा यासाठी हेग करारानुसार लावले जाणारे प्रमाणन होय. भारत 2005 पासून या कराराचा सदस्य असून अपोस्टिल परराष्ट्र मंत्रालय देते, परंतु शैक्षणिक कागदांवर त्याआधी राज्य पातळीवरील साक्षांकन करून घ्यावे लागते. ज्या विद्यापीठाला स्पॅनिश भाषांतर हवे असते ते बहुधा शपथबद्ध अनुवादकाचेच मागते, म्हणजे स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या आणि सहीशिक्क्यानिशी भाषांतराची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीचे. काही विद्यापीठे इंग्रजी कागद तसेच स्वीकारतात, त्यामुळे आधी चौकशी केल्यास हा खर्च टाळता येतो. भाषांतर अपोस्टिल लागल्यानंतर करावे, आधी नव्हे, कारण अपोस्टिलचा मजकूरही भाषांतरात यावा लागतो. हा क्रम चुकल्यास काम दोनदा करावे लागते.

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी खरी कोंडी वेळापत्रकाची असते. स्पेनमधील शैक्षणिक वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि परदेशी अर्जदारांसाठीची पूर्वनोंदणी अनेक ठिकाणी हिवाळा-वसंतातच होऊन जाते. आंदालुसिया प्रांतातील सार्वजनिक विद्यापीठांची पूर्वनोंदणी तर एकाच सामायिक व्यवस्थेतून टप्प्याटप्प्याने केली जाते आणि पहिला टप्पा मुख्यतः परदेशात पदवी घेतलेल्यांसाठी असतो. इकडे आपल्या विद्यापीठांचे अंतिम निकाल जून-जुलैमध्ये लागतात आणि पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर, म्हणजे त्याहूनही उशिरा हाती पडते. तोपर्यंत तात्पुरते उत्तीर्णता प्रमाणपत्र घेऊन त्यावरच साक्षांकन व अपोस्टिल करून घेणे, आणि विद्यापीठाने सशर्त प्रवेश दिल्यास अट कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण करायची हे लेखी मागून घेणे, एवढाच उपाय उरतो. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी पदवीनंतर एक वर्ष थांबून देले सी-1 पूर्ण करणे केव्हाही शहाणपणाचे. घरात 'वर्ष वाया गेले' असा सूर निघतो, परंतु भाषेच्या क्षेत्रात हे वर्ष वाया जात नाही.

हेतुपत्र, म्हणजे स्पॅनिशमध्ये 'कार्ता दे मोतिवासिओन', हा अर्जातील सर्वांत हलक्या हाताने लिहिला जाणारा कागद असतो आणि तोच सर्वाधिक बोलका असतो. स्पॅनिश संस्कृतीचे वैविध्य, फ्लामेन्कोचे आकर्षण, फुटबॉल व मालिकांमुळे लागलेली गोडी अशा मजकुराची शेकडो पत्रे समितीने वाचलेली असतात. त्याऐवजी मराठी भाषिक म्हणून अर्जदाराजवळ जे आहे ते मांडावे. उदाहरणार्थ, आवडीनिवडी व्यक्त करणारी स्पॅनिश वाक्यरचना इंग्रजी भाषिकाला उलटी वाटते, परंतु 'मे गुस्ता एल मांगो' आणि 'मे गुस्तान लोस मांगोस' ही वाक्ये 'मला आंबा आवडतो' आणि 'मला आंबे आवडतात' यांच्याशी जवळजवळ शब्दशः जुळतात, क्रियापद आंब्यानुसार बदलते आणि आवडणारी व्यक्ती दोन्हीकडे संप्रदानात जाते. तसेच 'वेओ ला कासा' म्हणजे 'घर पाहतो' यात कर्माला प्रत्यय नाही, पण 'वेओ आ मारिया' म्हणजे 'मारियाला पाहतो' यात माणूस कर्म झाल्याबरोबर स्पॅनिशमध्ये 'आ' आणि मराठीत 'ला' येतो. भाषाविज्ञानात या प्रकाराला कर्माचे भेदपूर्वक अंकन म्हणतात. महाराष्ट्रातील स्पॅनिशची पाठ्यपुस्तके मात्र बहुधा इंग्रजी माध्यमातून शिकवली जातात, त्यामुळे विद्यार्थ्याच्या मातृभाषेत आयती असलेली ही सोय वर्गात वापरलीच जात नाही. मराठी भाषिकांना ही रूपे इंग्रजीला बाजूला सारून शिकवल्यास चुका कमी होतात का, हा प्रश्न लघुप्रबंधाचा विषय होऊ शकतो, आणि असा एक नेमका प्रश्न मांडणारे एका पानाचे पत्र तीन पानांच्या स्तुतिपर मजकुरापेक्षा समितीला अधिक सांगून जाते. पत्र स्वतःच लिहावे. मोजून-मापून बेतलेले निर्दोष पत्र आणि मुलाखतीतील अडखळणारे स्पॅनिश यांतील तफावत लपत नाही.

बार्सेलोना, वालेन्सिया किंवा गालिसिया येथील विद्यापीठांना अर्ज करताना अध्यापनाची भाषा स्वतंत्रपणे तपासावी, कारण तेथे कातालान, वालेन्सियन व गालिसियन या भाषांना स्पॅनिशच्या जोडीने अधिकृत दर्जा आहे आणि काही विषय त्यांतून शिकवले जातात.

खर्चाच्या बाबतीत सार्वजनिक विद्यापीठांचे शुल्क प्रांताप्रांतांत बदलते व युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांसाठी काही ठिकाणी ते बरेच अधिक असते. व्हिसासाठी मात्र एक ठोस आकडा हाताशी आहे: विद्यार्थ्याजवळ दरमहा 'इप्रेम' इतकी रक्कम असल्याचे दाखवावे लागते. इप्रेम हा स्पेन सरकारने ठरवलेला उत्पन्नाचा निर्देशांक असून 2025 मध्ये तो महिन्याला 600 युरो होता. माद्रिद किंवा बार्सेलोनात एवढ्यात भागत नाही, सालामांका किंवा ग्रानादा येथे काटकसरीने राहिल्यास निभावते. त्याखेरीज आरोग्यविमा, सहा महिन्यांहून अधिक वास्तव्यासाठी पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र व वैद्यकीय दाखला लागतो. अभ्यासाच्या आड न येता आठवड्याला तीस तासांपर्यंत काम करण्याची मुभा आहे, तरी स्पॅनिश विषयाचा परदेशी विद्यार्थी तेथे बहुधा इंग्रजीच्या शिकवण्या करूनच पैसे मिळवतो, ही गोष्ट पालकांना आधी माहीत असलेली बरी. शिष्यवृत्त्यांच्या याद्यांत हमखास आढळणारे फुन्दासिओन कारोलिना हे नाव प्रामुख्याने लॅटिन अमेरिकी देशांतील विद्यार्थ्यांसाठी असल्याने भारतीय अर्जदाराने त्यात वेळ घालवू नये. युरोपातील अनेक विद्यापीठांनी मिळून चालवलेल्या एरास्मुस मुन्दुस अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती मात्र जगभरातील अर्जदारांना खुली असते आणि तीत दरमहा 1,400 युरो मिळतात.

अमेरिकेचा मार्ग स्वरूपाने निराळा आहे आणि मराठी घरांत तो फारसा ठाऊक नाही. तेथील अनेक विद्यापीठे स्पॅनिशच्या एम.ए. विद्यार्थ्याला सहायक अध्यापक म्हणून नेमतात. तो पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवतो आणि त्या बदल्यात त्याचे शुल्क माफ होऊन विद्यावेतन मिळते. अशा अर्जात हेतुपत्राबरोबर स्पॅनिशमध्ये लिहिलेला दहा-पंधरा पानांचा शोधनिबंध, तीन शिफारसपत्रे, इंग्रजीची परीक्षा आणि बहुधा स्पॅनिशमधून घेतलेली दूरसंवाद मुलाखत असते. तीन वर्षांच्या पदवीबाबत मात्र तेथे एकवाक्यता नाही. कोलंबियाची राजधानी बोगोता येथील इन्स्तितुतो कारो इ कुएर्वो ही 1942 मध्ये स्थापन झालेली संस्थाही एलेचे पदव्युत्तर शिक्षण देते, आणि लॅटिन अमेरिकेत राहणीमानाचा खर्च स्पेनहून कमी असल्याने हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे.

पदवीनंतर काय, या प्रश्नाचे उत्तर शाखेइतकेच जोडकौशल्यावर अवलंबून असते. पुण्याच्या बजाज ऑटोच्या दुचाकी कोलंबियासारख्या देशांत मोठ्या प्रमाणावर विकल्या जातात, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने 2002 मध्येच उरुग्वेच्या मोन्तेविदेओ येथे केंद्र उघडले, आणि हेस्ताम्पसारख्या स्पॅनिश वाहनउद्योग कंपन्यांचे कारखाने चाकण परिसरात आहेत. अशा ठिकाणी केवळ स्पॅनिश जाणणाऱ्यापेक्षा स्पॅनिशसह लेखा, पुरवठा किंवा औषधनियमन जाणणारा उमेदवार निवडला जातो. त्यामुळे वाणिज्याच्या पदवीधराने स्पॅनिशसाठी पहिली पदवी कमी लेखण्याचे कारण नाही. शाळेत शिकवायचे असल्यास हे लक्षात घ्यावे की स्पेनमधील एलेची पदवी भारतातील बी.एड.ची जागा घेत नाही. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळा या बाबतीत अनेकदा सैल असतात, इतर शाळा नसतात. महाविद्यालयीन अध्यापनासाठी नेट परीक्षेत स्पॅनिश हा स्वतंत्र विषय आहे.

या शेवटच्या मार्गाने जाणाऱ्याला परदेशी पदवीची समकक्षता मिळवावी लागते आणि तिच्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 मध्ये नवे विनियम लागू केले आहेत. स्पेनमधील एक वर्षाचा अभ्यासक्रम भारतातील दोन वर्षांच्या एम.ए.शी जुळवताना प्रश्न उपस्थित होऊ शकतात, म्हणून अध्यापनाची नोकरी हेच ध्येय असलेल्याने शक्य तेथे 90 वा 120 श्रेयांकांचा अभ्यासक्रम पाहावा. तो मिळत नसेल तर साठ श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाची विषयवार पत्रिका, प्रत्येक विषयाचे श्रेयांक व तास, लघुप्रबंधाचे गुणांकन आणि विद्यापीठाचा शासकीय नोंदणी क्रमांक हे सर्व स्पेन सोडण्यापूर्वीच विभागाच्या सहीशिक्क्यानिशी मागून घ्यावे, कारण परतल्यानंतर हे कागद ई-मेलने मागवण्यात महिने निघून जातात.